बेसिलला तुळस म्हणावं की सब्जा?

प्रश्न असा आहे: मालवणात घरच्या गच्चीवर पास्त्यासाठी बेसिल लावलं आहे. त्याला मराठीत तुळस म्हणावं, गोड तुळस म्हणावं की सब्जा? आणि त्याच्या मंजिऱ्या 'तोडायच्या' की 'खुडायच्या'?

सब्जा म्हणा. वृंदावनातली तुळस ही ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि बेसिल म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. कूळ एक, जाती वेगळ्या. फालुद्यात भिजवून घालतात ते काळं बी या दुसऱ्या जातीचंच, तेव्हा नाव आपल्याकडे आधीपासून आहे. 'गोड तुळस' हे नुसतं भाषांतर आहे. गजऱ्यातला मरवा तर निराळीच वनस्पती.

मात्र वाण्याकडचं बी पेरून पास्त्याचा वास मिळेल असं समजू नका. बी ताजं असेल तर उगवतं, पण पान लहान येतं आणि वासही वेगळा. पास्त्यासाठी मोठ्या पानाचं जिनोव्हीज वाण लागतं. आंबा म्हटल्यावर हापूस की पायरी हे सांगावं लागतं, तसं कुंडीवर 'जिनोव्हीज सब्जा' लिहावं.

बी 'भिजत घालणे' हा प्रयोग पेयापुरता ठेवा. भिजलेल्या सब्ज्याभोवती बुळबुळीत थर धरतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि रोपं गचपणात उगवतात. कोरडंच बी फोकावं, वर अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरावी. ऊब असेल तर आठवड्याभरात कोंब दिसतात. नुसती जांभ्याची लाल माती कुंडीत दडपून बसते, म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा काथ्याचा भुसा घ्यावा. कुंडी आठ इंची पुरते, पण तळाचं भोक मोकळं हवं.

आता क्रियापद. 'खुडणे' हाच नेमका शब्द, कारण त्यात कृतीही सांगितली आहे: कोवळा भाग नखाने किंवा चिमटीने अलगद काढणे. 'तोडणे' म्हटलं की हिसका आला, आणि हिसक्याने सब्ज्याची कोवळी साल खालपर्यंत सोलली जाते. जून काष्ठ झालेली फांदी कात्रीने 'छाटतात'. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की खालून दुसऱ्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडावा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात. त्यांचेही शेंडे पुढे असेच खुडत गेलं की झाड पसरतं. शेंडा सोडून खालची मोठी पानंच ओरबाडली तर काडी नुसती उंच होते. मंजिरी तर कळीतच खुडावी. एकदा ती फुलली की नवी पानं लहान येतात आणि चव कडवट होते. बी धरलं की झाड आटोपतं, कारण तुळशीसारखं ते वर्षानुवर्षं टिकणारं नाही. बियांसाठी एखादं झाड बाजूला राखावं.

कोकणात पेरणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. पावसाळ्यात रोपं बुडाशी काळी पडून लोळतात. याला शेतकरी 'रोपमर' म्हणतात, आणि कारण असतं बुरशी व साचलेलं पाणी. कुंडी पागोळीखाली तर मुळीच नको, पडवीत उजेडाच्या बाजूला ठेवावी. पानाखाली करडी लव दिसली तर तीही बुरशीच. ती पानं काढून टाकावीत, रोपांत अंतर वाढवावं, पाणी सकाळी आणि बुडाशीच घालावं. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून त्या बाजूला आडोसा हवा.

लिहिताना सामान्यरूपही सांभाळा: 'सब्जाची पानं' नव्हे, 'सब्ज्याची पानं'. तुळशीचं रूप मात्र वेगळं चालतं: तुळस, तुळशीला, मालवणीत तुळशीक.