चरित्र अभिनेता म्हणून पोट भरतं का? नोकरी सोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय 34, पक्की नोकरी, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलंय. हिरो होणार नाही हे कळून चुकलंय. पण अच्युत पोतदारांसारखे बाप, काका, प्राध्यापक करत आयुष्य काढता येईल का, आणि त्यासाठी नोकरी सोडावी का? शिवाय, या कामाला चेहरा कसा लागतो?

सोडू नका. निदान आत्ता तरी.

पोतदारांचं नाव घेतलंत, पण त्यांचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. 1934चा जन्म. आधी प्राध्यापकी, मग लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये पंचवीस वर्षं. ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ झाले तेव्हा ते नोकरीतच होते. 1992 साली निवृत्त झाले. ज्या ‘कहना क्या चाहते हो’मुळे तुमच्या पिढीला ते माहीत झाले तो ‘थ्री इडियट्स’ 2009चा, म्हणजे तेव्हा ते पंचाहत्तरीचे. ऑगस्ट 2025मध्ये ते गेले, तर मागे सव्वाशेच्या आसपास सिनेमे होते आणि फेसबुकवर सगळ्यांनी तेवढं एकच वाक्य लिहिलं. मला त्याचं वाईट वाटलं, असं नाही. एक वाक्य राहणंही आमच्यात चैनच आहे.

मी बँकेत होतो. 2000-01मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलो. तोवर शनिवार-रविवारचे प्रयोग, रजा संपल्या की बिनपगारी, साहेबांची बोलणी, हे सगळं करून झालं होतं. आता पूर्ण वेळ हाताशी आहे म्हणजे कामाचा पाऊस पडेल असं वाटलं. पहिल्या आठ महिन्यांत अकरा दिवस काम मिळालं. घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चाललं, हे मी आजही कुठल्या मुलाखतीत सांगितलेलं नाही. अर्थात मुलाखत घेतंय कोण म्हणा.

लोकांना वाटतं स्ट्रगल म्हणजे पहिलं काम मिळेपर्यंतची वणवण. ते हिरोंचं. आमचा दोन दिवसांचा रोल संपला की तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बेकार. मी आजवर नऊ वेळा न्यायाधीश झालो, डॉक्टर तर मोजलेच नाहीत. ‘अब इन्हें दवा की नहीं, दुआ की ज़रूरत है’ या जातीची वाक्यं मी झोपेतही म्हणेन.

आणि अभिनय हा या धंद्याचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे बसून राहणं. एका मालिकेत सकाळी सातचा कॉलटाइम होता, साडेआठला मेकअप करून तयार, सीन लागला रात्री साडेदहाला. मुलगा घर सोडून निघतो आणि बाप त्याला अडवत नाही, असा सीन. मुलाचं काम करणाऱ्या नटाला दुसऱ्या सेटवर पळायचं होतं म्हणून त्याचे क्लोजअप आधी घेतले. मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून त्याला मनापासून क्यू दिले, म्हणजे माझी वाक्यं म्हटली. माझी पाळी आली तोवर तो गेला होता. त्याच्या उंचीच्या लाइटच्या स्टँडवर काळ्या टेपची फुली चिकटवली आणि एका असिस्टंट मुलीने त्याची वाक्यं वाचली, किराणा सामानाची यादी वाचावी तशी. त्या फुलीकडे बघून मी रडलो. पहिल्याच टेकला ओके. एपिसोड लागला तेव्हा बायको म्हणाली, “काय सुंदर बघतो हो तो मुलगा तुमच्याकडे!”

पंधरा तास ती चार वाक्यं पोटात गरम ठेवता आली पाहिजेत. स्पर्धेत तुम्हाला बक्षीस मिळालं असेल, पण याची परीक्षा तिथे होत नाही.

पैशांचं सांगतो. मालिकेत बहुतेक ठिकाणी दिवसाचा दर ठरतो आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात, दहा टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) वजा होऊन. म्हणजे गणपतीत केलेलं काम दिवाळीनंतर हातात. एका निर्मात्याकडे माझे सतरा दिवस अडकले होते. संघटनेकडे तक्रार केली, निम्मे निघाले, उरलेल्यांचा नाद सोडला. त्याच मालिकेत टीआरपी पडला म्हणून मला हार्ट अटॅकने मारलं. नंतर दीड वर्ष हार घातलेला माझा फोटो त्या दिवाणखान्याच्या भिंतीवर होता आणि घरातली सगळी माणसं त्याच्यासमोर उभी राहून मोठमोठे निर्णय घेत. भेटेल तो म्हणे, “रोज दिसता!” फोटोचे पैसे नसतात.

चेहऱ्याबद्दलही विचारलंय तुम्ही. चेहरा म्हटलं की मला ललिता पवार आठवतात. मूकपटांपासून कामं करणारी नायिका. 1942 साली सेटवर थोबाडीत इतकी जोरात बसली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत तीन वर्षं गेली आणि नायिकेची कामं संपली. मग त्याच डोळ्याने त्यांनी खाष्ट सासवा आणि ‘रामायण’मधली मंथरा केली. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. एकूण सत्तर वर्षांची कारकीर्द. त्यांच्या जिद्दीचे गोडवे सगळेच गातात, पण नंतर लोकांना त्या खऱ्या आयुष्यातही तशाच वाटायच्या, त्याचं काय? माझं उलटं आहे. माझा चेहरा कुणालाच धड आठवत नाही. दादरला एका गृहस्थांनी मला थांबवलं, बराच वेळ निरखून म्हणाले, “तुम्ही बँकेत होता ना?” होतोच की. हो म्हटलं आणि पुढे गेलो.

आता ऑडिशन मोबाइलवर. नाव, वय, उंची सांगायची, डावी बाजू, उजवी बाजू दाखवायची. एकाहत्तराव्या वर्षी मी भिंतीपुढे उभा राहून कैद्यासारखा वळतो आणि नात शूट करते. पाठवलं की व्हॉट्सअॅपवर बघितल्याच्या निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही. नकार कळवायची आमच्यात पद्धत नाही.

तेव्हा नोकरी ठेवून सुट्टीच्या दिवशी जमतील तेवढी एका दिवसाची कामं घ्या. पाच वर्षांत लोक आपणहून फोन करू लागले तर मला पुन्हा विचारा. छोट्या रोलला कपडे बहुतेक आपलेच न्यावे लागतात. दोन फिके शर्ट (पांढराशुभ्र नको, कॅमेरामन वैतागतो), एक कोट, एक झब्बा आणि बिनकाचेचा चष्मा. काच असली की लाइट चमकतो. माझा चष्मा 2003पासून एकच आहे, दोन्ही काड्या बदलून झाल्यात.