एबनी फ्रेटबोर्डवर तपकिरी पट्टे असले तर गिटार हलक्या प्रतीची समजायची का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय: पहिली चांगली अकूस्टिक गिटार घेतली, माहितीपत्रकात फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं दाबायची फळी, एबनी या कठीण, गडद लाकडाचा लिहिलाय, पण पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे त्या फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खाली तपकिरी-राखाडी पट्टे दिसतात. मित्र म्हणतो, खरं एबनी कुळकुळीत काळंच असतं. मग गिटार परत करावी, की बोर्डला काळा रंग मारून घ्यावा?

दोन्ही करू नका. ते पट्टे म्हणजे दोष नाही. उलट तुमच्या बोर्डवर रंगाचा हात फिरलेला नाही, याचीच ती बहुधा खूण आहे. मी बेळगावात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. कॅम्पातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्यांपासून टिळकवाडीच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या गिटारी माझ्याकडं येतात आणि तुमच्यासारखी शंका घेऊन बरेच जण येतात.

एबनी हे एकाच झाडाचं नाव नाही. डायोस्पायरॉस ही मोठी प्रजाती आहे आणि तिच्यातल्या काही मोजक्या झाडांचा गाभा काळा होतो. तुमच्या निपाणीत विड्या वळायला जे पान येतं, ते तेंदूचं झाडही याच प्रजातीतलं. गिटारवर बहुतेक करून मध्य आफ्रिकेतलं डायोस्पायरॉस क्रासिफ्लोरा येतं, कॅमेरून आणि गॅबॉनच्या बाजूचं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं डायोस्पायरॉस एबेनम जास्त एकसारखं काळं असतं, पण ते आता फार मिळत नाही. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या मकासार एबनीला तर जन्मजातच तपकिरी-काळे पट्टे असतात आणि फर्निचरवाले त्या पट्ट्यांसाठीच जास्त पैसे मोजतात. म्हणजे एकाच कुळातल्या एका लाकडाचे पट्टे शोभेचे आणि दुसऱ्याचे खोटे, असा हा प्रकार आहे.

आफ्रिकेतल्या झाडाचा गाभा किती काळा निघणार, हे झाड उभं असताना कळत नाही. तोडल्यावरच कळतं. आणि इथंच सगळी गोम आहे. अमेरिकेतल्या टेलर गिटार्सनं स्पेनच्या मादिंतेर कंपनीबरोबर २०११ साली कॅमेरूनची राजधानी याउंदे इथली क्रेलिकाम ही लाकूड-गिरणी विकत घेतली. तिथं गेल्यावर कंपनीचे संस्थापक बॉब टेलर यांना कळलं, की तोडणारे दहा झाडं पाडायचे तेव्हा त्यातलं साधारण एक पूर्ण काळं निघायचं. बाकीच्या झाडांत पट्टे दिसले की ती जंगलातच कुजायला सोडून द्यायचे. कारण काय, तर पट्ट्याच्या लाकडाला गिरणीत भाव नव्हता. आणि भाव नव्हता, कारण तुमच्या मित्रासारखं आपण सगळे 'काळं म्हणजे खरं' असं मानत होतो. वाढायला कित्येक दशकं घेणारी झाडं केवळ रंगापायी वाया गेली, हे मला आजही सहन होत नाही. त्यानंतर टेलरनं पट्ट्याचं लाकूडही काळ्याच्याच भावानं घ्यायला सुरुवात केली आणि आपल्या गिटारींवर ते उघडपणे लावलं. पुढं २०१६ पासून अमेरिकेतल्या युसीएलए विद्यापीठाच्या काँगो बेसिन इन्स्टिट्यूटबरोबर एबनीची रोपं लावण्याचं कामही तिथं सुरू झालं. आज अनेक कंपन्यांच्या गिटारींवर पट्टे दिसतात, त्यामागं हा बदल आहे.

आपल्या भागात गुळाचं जे झालंय तेच इथं समजा. पिवळाधमक गूळ दिसला की गिऱ्हाईक खूश होतं आणि काळसर गूळ मागं राहतो. तो पिवळेपणा कशानं आलाय, हे गुऱ्हाळावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता प्रतीचं बोलू. फ्रेटबोर्डच्या लाकडाकडून आपल्याला काय हवं असतं? ते झिजू नये, बोटाखाली गुळगुळीत लागावं, फ्रेट घट्ट धरून ठेवावेत आणि हवामानानं फार हलू नये. लाकडाचा कठीणपणा मोजायला जांका कसोटी असते. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते तिच्यात बघतात. आफ्रिकन एबनीला साधारण ३,००० पौंड लागतात, भारतीय शिसवीला साधारण २,४००, तर हार्ड मेपलला साधारण १,४५०. त्याच झाडाच्या काळ्या भागात आणि पट्ट्याच्या भागात वाजवणाऱ्याला जाणवेल असा फरक नसतो. आवाजातही नसतो. तार टेकते ती फ्रेटच्या धातूवर, रंगावर नाही.

मी बोर्ड हातात घेतला की आधी त्याचं टोक बघतो, साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाच्या, बाजूचं. तिथं लाकडाची आडवी काप दिसते. रेषा सरळ उभ्या असतील तर बोर्ड वाकण्या-मुरडण्याचा धोका कमी. रेषा तिरक्या वळत असतील तर पाऊस-उन्हाळ्यात तो जास्त हलणार. मग बारीक भेगा, आणि फ्रेटच्या कडेला टवके उडालेत का ते बघतो. एबनी ठिसूळ असतं, फ्रेट बसवताना किंवा काढताना घाई केली की टवका निघतोच. म्हणून जुना फ्रेट काढताना आम्ही आधी सोल्डरिंग आयर्ननं तो गरम करून घेतो. आणि शेवटी, पण सर्वात महत्त्वाचं, लाकूड नीट वाळवलेलं आहे का. हे डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या उन्हाळ्यातच कळतं.

तुमच्या बोर्डची नाही, उलट स्वस्त गिटारवर एकसारखा काळा बोर्ड दिसला तर त्याची चौकशी करायला हवी. तो बऱ्याचदा काळा रंग दिलेला शिसवी किंवा दुसऱ्याच कुठल्या तरी लाकडाचा असतो. शिसवीची छिद्रं लांबट आणि उघडी असतात, नखाला जाणवतात. एबनीची इतकी बारीक असतात, की बोर्ड जवळजवळ काचेसारखा लागतो. शेवटच्या फ्रेटच्या पुढं पांढऱ्या सुती कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासून बघा. कापड गडद काळं झालं तर रंग आहे. फक्त ते अल्कोहोल गिटारच्या पॉलिशवर सांडू देऊ नका, डाग पडतो. आणि रंग निघाला म्हणजे लाकूड नक्की खोटं, असंही नाही. फिकट पट्टे झाकायला खऱ्या एबनीलाही रंग देतात, व्हायोलिनवर तर ही जुनी पद्धत आहे. छिद्रं आणि रंग दोन्ही बघूनच ठरवा.

कधी कधी तो काळा बोर्ड लाकडाचाच नसतो. अमेरिकेत २००८ साली बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या व्यापाराविरुद्ध लेसी कायदा कडक झाला. त्याखाली गिब्सन या गिटार कंपनीवर २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून आणि २०११ मध्ये भारतातून गेलेल्या एबनी-शिसवीवरून छापे पडले. २०१२ मध्ये कंपनीनं ३ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. त्याच सुमारास तिच्या लेस पॉल कस्टम या महागड्या गिटारवरही एबनीऐवजी रिचलाइट दिसू लागलं. कागद आणि रेझिन दाबून ते बनवतात. चांगलं टिकतं, वाजतंही चांगलं.

आपल्या जिल्ह्याचं हवामान मात्र एबनीची परीक्षा बघणारं आहे. खानापूर-कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंती घामेजतात, अथणीकडं उन्हाळ्यात सगळं कोरडं ठाक, आणि निपाणी मधेच. एबनी शिसवीपेक्षा जास्त आकसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी झाली की बोर्डची रुंदी कणभर कमी होते, फ्रेटची धातूची टोकं तेवढीच राहतात आणि बोटाला टोचायला लागतात. लगेच कानस घेऊन बसू नका. गिटार केसमध्ये ठेवा आणि आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर घ्या आणि ओलसर स्पंज भोकं पाडलेल्या डबीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी टोकं मागं गेली तर काही करायचं नाही. नाही गेली तर कारागिराकडून घासून घ्या. तेल वर्षातून एक-दोनदा, फ्रेटबोर्डसाठीचं मिळतं तेच, चार थेंब लावून लगेच पुसायचं. खोबरेल नको. ते खवट होतं आणि त्यावर मळ धरतो.

काळ्या रंगाचं अजून सांगतो, कारण तुमचं मन तिकडं ओढतंय असं दिसतं. चामड्याच्या रंगानं बोर्ड काळा करता येतो. पण मधले मोत्यासारखे ठिपके आणि कडेची पट्टी झाकून काम करावं लागतं, काही दिवस बोटं काळी होतात आणि रोज वाजवलं की पहिल्या तीन फ्रेटवरून तो रंग उडून खालचं लाकूड दिसायला लागतं. तेव्हा मात्र बोर्ड खरोखर खराब दिसेल.

पुढची गिटार एबनीचीच हवी असा हट्टही धरू नका. इंडियन लॉरेल नावानं स्क्वायर कंपनीच्या बऱ्याच गिटारींवर जे लाकूड येतं, ते म्हणजे आपला ऐन, ज्याला खानापूरच्या बाजूला मत्ती म्हणतात. रेषा थोड्या मोठ्या, रंग तपकिरी, पण चांगलं वाळवलं असेल तर फ्रेट पक्के धरतं आणि एबनीइतकं ठिसूळही नाही.

दुकानात परत जायचंच असेल तर दोनच गोष्टींसाठी जा: बोर्डमध्ये भेग असेल, किंवा आत्ताच, पावसाळ्याच्या ओलीतही, फ्रेटची टोकं टोचत असतील. म्हणजे लाकूड ओलं असतानाच फ्रेट बसवलेत आणि उन्हाळ्यात त्रास वाढेल. बोर्डच्या साउंडहोलकडच्या टोकाचा जवळून, उजेडात काढलेला फोटो इथं टाकलात तर रेषा बघून मी आणखी सांगू शकेन.