शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठात गटाने प्रयोग घ्यायचाय? आधी एवढं बघ

अगं, पहिल्याच पाठाला रोबोटिक्स, कोडिंग नको, लंबक घे. दोरा, नट आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, बास. गट चौघांचाच कर, सहा-सात झाले की दोघं प्रयोग करतात आणि बाकीचे नुसतं वहीत उतरवतात. कामं दर फेरीला बदल.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे उत्तर आधीच सांगून टाकणं. नट जड लावला तर झोका लवकर होईल का, हे प्रत्येकाला आधी लिहायला लाव, मग वाद घालू दे, मग मोजू दे. 10 झोक्यांचा वेळ मोजून 10 ने भागायचं, 1 मीटर दोऱ्याला एका झोक्याला (जाऊन परत येईपर्यंत) साधारण 2 सेकंद येतात आणि वजन बदलून फरक पडत नाही, तिथे मुलं गोंधळतात, तू लगेच बोलू नकोस, त्यांनाच बोलू दे.

टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) या चर्चेला 15 मिनिटं धरच. गटाचं मूल्यमापन वगैरे नंतर बघू. छान होईल पाठ!