स्लीव्ह स्वस्त पडते म्हणून स्लीव्ह?

प्रश्न: मी नाशिकची, वय ४१, खासगी शाळेत शिक्षिका. उंची १५५ सेंमी, वजन ९२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू असूनही गेल्या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९ आला. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. रुग्णालयाने तिच्या स्लीव्ह या प्रकारासाठी ३,४०,००० आणि बायपाससाठी ४,२०,००० रुपये सांगितले. सवलत महिनाअखेरपर्यंतच म्हणाले, म्हणून मी स्लीव्हसाठी २०,००० भरून तारीख घेतली, आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. माझ्या नणंदेने चार वर्षांपूर्वी स्लीव्ह केली. वजन उतरलं, पण आता ती ॲसिडिटीने हैराण आहे आणि "बायपासच करायला हवी होती" म्हणते. मलाही जळजळीसाठी जवळजवळ रोज गोळी लागते. दुसरीकडे बायपास केलेली एक सहकारी "आयुष्यभर गोळ्या मागे लागल्या" म्हणून पस्तावते आहे. दोघांचे मिळून ७२,००० हातात येतात. घराचा हप्ता १७,५००, घरखर्च ३४,०००. मुलगी बारावीला आहे, तिच्या इंजिनिअरिंगसाठी ३ लाखांची एफडी आहे. ती मोडू, की रुग्णालयाच्या १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर जाऊ? मिस्टरांच्या कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, पण एचआरला विचारायला त्यांना अवघड वाटतं. आमची स्वतःची ५ लाखांची पॉलिसी मार्चमध्ये दोन वर्षांची होईल. मधुमेह त्यात जाहीर केलेला आहे.

ताई, तुमचा प्रश्न एफडी की ईएमआय असा आहे, पण त्याआधीचा एक निर्णय तुम्ही पैशाकडे बघून घेऊन टाकलाय आणि खरी अस्वस्थता तिथे आहे. स्लीव्ह ८०,००० ने स्वस्त आहे, म्हणून स्लीव्ह. हा निर्णय मला पटत नाही. कोणती शस्त्रक्रिया करायची हे मी सांगू शकत नाही, ते तुमच्या सर्जनचं काम. पण ८०,००० रुपयांना या निवडीत किती वजन द्यायचं, हे सांगणं माझ्या कामात बसतं.

स्लीव्हमध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून मोठा भाग कापून काढतात. तो परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न कमी जातं आणि पोषकद्रव्यंही कमी शोषली जातात. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर या दोन्हींची तुलना झाली आणि तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सुमारे ४४ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं सुमारे ५१ टक्के. फरक आहे, पण फार मोठा नाही. मोठा फरक दुसरीकडे दिसला. आम्लामुळे अन्ननलिकेला सूज किंवा जखमा स्लीव्हच्या गटात ३१ टक्के लोकांना होत्या, बायपासच्या गटात ७ टक्के. नणंदबाईंची तक्रार म्हणजे त्यांचं वाईट नशीब नव्हे, आणि तुम्हाला तर शस्त्रक्रियेआधीच रोज गोळी लागते.

आता पैसे. दहा वर्षांचा अंदाज मांडू. बायपासनंतर मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचं घ्यावं लागतं. तुमच्या घरासाठी मी महिना २,००० धरतो. स्लीव्हनंतरही गोळ्या सुटत नाहीत, तिथे १,५०० धरू. महिन्याला ५०० चा फरक, दहा वर्षांत ६०,०००. त्यात आजचे ८०,००० मिळवले की बायपास साधारण १,४०,००० ने महाग पडते. आता उलट बाजू. स्लीव्हनंतर जळजळ असह्य झाली तर पुढे तिचं बायपासमध्ये रूपांतर करतात. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, खर्च आजच्या भावाने साडेचार लाखांच्या घरात धरा. विमा ती देईलच याची खात्री नाही.

म्हणजे स्लीव्ह केलेल्या तिघींपैकी एकीवर ही वेळ येत असेल, तर दोन्ही पर्याय पैशात जवळजवळ सारखे पडतात. त्याहून कमी जणींवर येत असेल तर स्लीव्हच स्वस्त. हे मी मुद्दाम मांडतोय, कारण जळजळीचा काहीच त्रास नसलेल्या बाईने विचारलं असतं तर हा हिशेब स्लीव्हकडे झुकला असता आणि मी तसंच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत हा धोका सरासरीइतका आहे की जास्त, ते एंडोस्कोपी सांगेल. तुमच्या पत्रात एंडोस्कोपीचा उल्लेखच नाही. झाली नसेल तर शस्त्रक्रियेआधी ती करा. अन्ननलिकेला सूज आहे का, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, हे कळल्याशिवाय २०,००० भरायला नको होते, असं मला स्पष्टच वाटतं. पण ते पैसे गेले म्हणून आता स्लीव्हच करायची, असं मात्र अजिबात नाही. त्याच रुग्णालयात बायपास केली तर ते वळते करून मिळतील का, नाही तर किती परत मिळतील, हे लेखी विचारा. एक पैसाही परत आला नाही तरी ही २०,००० ची चूक आहे. ती वाचवायला जठर कापून घेऊ नका.

सहकारी बाईंचा पस्तावाही तितकाच खरा आहे. रोजच्या गोळ्या, वर्षातून निदान एकदा रक्ततपासण्या, गोड जास्त झालं की घाम आणि धडधड, दुखण्यावरच्या साध्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत मी पाहतो की शस्त्रक्रियेचे पैसे सगळे जमवतात, पण नंतरच्या पैशांची सोय कोणी करत नाही. मग दुसऱ्या वर्षी मुलांच्या फीचा महिना आला की पहिली काट बसते ती आईच्या गोळ्यांवर. त्यातून बी१२ आणि लोह घसरतं, थकवा येतो, आणि दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. तुमच्याकडे आज महिन्याला २०,५०० उरतात. त्यातले ३,००० आत्तापासून आवर्ती ठेवीत टाका, फक्त या कामासाठी. ही गोष्ट तुम्हाला जमणार नसेल, गोळ्या नियमित घेण्याचा स्वभावच नसेल, तर सर्जनला तसं खरं सांगा. निवडीत त्यालाही वजन आहे. मधुमेहाचा औषधखर्च पुढे कमी होईल अशी आशा आहे, पण तो वाचलेला पैसा आज हिशेबात धरू नका. फिनलंडच्याच त्या अभ्यासात दहा वर्षांनी मधुमेह माघार घेतलेला होता तो स्लीव्हच्या गटात सुमारे चौथाई आणि बायपासच्या गटात एकतृतीयांश रुग्णांत.

आता विम्याकडे येऊ, कारण तुमचा सगळ्यात मोठा पैसा इथे अडकलाय. "लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही" हे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते अर्धसत्य आहे. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या, प्रमाणित शब्दरचनेत हे वगळलेलं आहे ते अटी पूर्ण न झाल्यास. अटी अशा: डॉक्टरांचा सल्ला हवा, वैद्यकीय नियमांचा आधार हवा, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक. बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सोबत गंभीर आजार हवा आणि कमी त्रासाचे उपाय करून थकलेलं असावं. त्या आजारांच्या यादीत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र त्रास आणि नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह आहे.

तुमचा बीएमआय ३८.३ येतो. म्हणजे वजनाच्या एकट्या आकड्यावर तुम्ही बसत नाही, मधुमेहाच्या जोरावर बसता. म्हणून कागद महत्त्वाचे. ८.९ चा हा एक रिपोर्ट पुरणार नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतले एचबीए१सीचे रिपोर्ट, कोणत्या तारखेला कोणती औषधं वाढवली त्या चिठ्ठ्या, आहारतज्ज्ञांकडे गेल्याच्या पावत्या, प्रत्येक वेळचं वजन, सगळं तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. "उपाय करून झाले" हे तोंडी सांगून चालत नाही. मधल्या काळात साखर आटोक्यात आणायचे उपाय मात्र थांबवू नका. विम्यासाठी साखर वाढलेली ठेवणं हा वेडेपणा ठरेल, आणि शस्त्रक्रियेआधी सर्जनलाही ती खाली हवी असते.

मिस्टरांना माझा निरोप द्या. एचआरला पाठवायचा हा एक मेल साडेतीन-चार लाखांचा आहे. ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा प्रतीक्षा काळ माफ असतो, आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पत्नीचं वजन, कारण, काही लिहायची गरज नाही. "बॅरिॲट्रिक (म्हणजे वजन कमी करण्याची) शस्त्रक्रिया समाविष्ट आहे का, कमाल मर्यादा किती, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती, खोलीभाड्याची मर्यादा किती" एवढंच विचारायचं, आणि उत्तर लेखी मागायचं. काही कंपन्यांचे विमा मध्यस्थ हे थेट फोनवरही सांगतात. कंपनीतली चारचौघांतली चर्चा टाळायची असेल तर तो रस्ता बरा.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. एक, बॅरिॲट्रिकसाठीचा वेगळा प्रतीक्षा काळ. तो अनेकदा दोन वर्षांचा असतो, म्हणजे मार्चमध्ये संपेल. दुसरी, आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. शस्त्रक्रियेचं कारण म्हणून मधुमेह पुढे आला की कंपनी या दुसऱ्या कलमावर बोट ठेवू शकते. त्यामुळे एजंटच्या "होऊन जाईल" वर विसंबू नका, कंपनीला मेल करा. आणि एकूण विमा रकमेच्या आत या शस्त्रक्रियेला वेगळी उपमर्यादा आहे का तेही पाहा. विमा पूर्ण रक्कम देणार असेल तर स्लीव्ह आणि बायपासमधले ते ८०,००० तुमच्या खिशातून जातच नाहीत, आणि ज्या फरकावर तुम्ही निर्णय घेतला तोच उरत नाही.

खोलीभाड्याचं कलम साधं दिसतं, पण बिलात सगळ्यात जास्त तेच लागतं. मर्यादा दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त वरचे ३,००० कापून थांबत नाही. सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह, भूल, असे त्याला जोडलेले खर्चही अनेक पॉलिसींत त्याच प्रमाणात, आठास पाच, मंजूर होतात. दोन लाखांच्या अशा खर्चात ७५,००० तुमच्या अंगावर. दोन-तीन दिवसांच्या खोलीपायी तुमचा तो सगळा फरक इथे जाऊ शकतो. रुग्णालयाच्या पॅकेजमध्ये स्टेपलरची (जठर कापून टाके घालणाऱ्या उपकरणाची) किती कार्ट्रिज धरली आहेत तेही विचारा. या शस्त्रक्रियेत महाग वस्तू तीच, आणि जास्तीची लागली की बिल वाढतं.

विम्याने नाकारलं तरी ते शेवटचं नसतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. तिथेही तीच फाइल कामी येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. ईएमआय नको. २०,००० वजा जाता ३,२०,००० चे १२ हप्ते म्हणजे महिन्याला २६,६६७. तुमच्याकडे उरतात २०,५००. दर महिन्याला सहा हजारांची तूट, तीही बिनपगारी रजेच्या काळात, जेव्हा घरी वेगळं अन्न आणि प्रोटीन पावडरचा खर्च वाढलेला असेल. शिवाय शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज प्रक्रिया शुल्कात असतं, नाही तर रोखीची सवलत हुकते त्यात असतं. एफडीलाही हात लावू नका. मुलीचा प्रवेश जूनच्या पुढे कधीही समोर येईल, आणि ती फी पुढे ढकलता येत नाही.

शस्त्रक्रिया मात्र, तुमचे डॉक्टर हो म्हणत असतील तर, मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुढे नेता येईल. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीला पगार कापला जाणार नाही, मार्चमध्ये पॉलिसीची दोन वर्षं भरतील, आणि फाइल लावायला वेळ मिळेल. तोवर महिन्याला १५,००० बाजूला पडले तर विम्याने न दिलेला भाग बऱ्यापैकी भरून निघेल. तरी कमी पडलं तर शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनेतारण, तेही एक लाखाच्या आत आणि दोन वर्षांत फिटेल असंच. विमा अजिबात मिळाला नाही तर मी बायपास वा स्लीव्ह यातली स्वस्त निवडा म्हणणार नाही. आणखी सहा-आठ महिने थांबून पैसे जमवा म्हणेन, आणि थांबणं तब्येतीला झेपेल का हे डॉक्टरांकडून आधी लेखी घ्या म्हणेन.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा विचारही घरात होईलच. मौंजारो हे असं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक. म्हणजे तेव्हाच्या भावाने महिना १७,५००, वर्षाला दोन लाखांच्या वर, आणि हा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. या वर्गातली औषधं थांबवली की वजन बरंचसं परत येतं, म्हणून त्याचा हिशेब वर्षाचा नव्हे, अनेक वर्षांचा मांडावा लागतो. काही जणांना ते योग्यच आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण "शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त" या कारणासाठी नको.

महिनाअखेरची सवलत जाऊ द्या. रुग्णालयाला आजच मेल करा: तारीख पुढे ढकलत आहे, एंडोस्कोपीनंतर शस्त्रक्रियेचा प्रकार ठरेल, भरलेल्या २०,००० बद्दलचे नियम लेखी कळवावेत. एंडोस्कोपीचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या एका सर्जनचं मत घ्या, आणि जाताना मिस्टरांना सोबत न्या. एचआरचं आणि विमा कंपनीचं उत्तर आलं की दोन्ही मला पाठवा, आकडे पुन्हा बसून मांडू.