विद्यापीठ लहान झालं म्हणून पदवी लहान होत नाही

प्रश्न : मुलीला बारावीत ७८ टक्के आहेत, सीईटीत ८४ पर्सेंटाइल. ती भूशास्त्रात बीएस्सी करायचं म्हणते. दगडं फोडत बसणार का? आम्ही पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग ठरवलं आहे, त्यासाठी बेसा भागातला प्लॉट विकतो आहोत. नागपूर विद्यापीठात आता उरलंय काय? अमरावती गेली, मेडिकल गेलं, एलआयटी म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही गेलं. मी स्वतः इथलाच बी.कॉम. आहे, म्हणून सांगतो. पुण्यातलं कोणतं कॉलेज घ्यावं?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ‘आम्ही ठरवलं’ असं तुम्ही लिहिता, पण त्या ‘आम्ही’त मुलगी कुठे आहे? तिचं म्हणणं एका वाक्यात आलं आणि पुढच्याच वाक्यात तुम्ही ते उडवून लावलं.

मला मार्कांपेक्षा त्या प्लॉटची काळजी वाटते. तो विकला की पोरगी चार वर्षं शिकणार नाही, प्लॉट फेडत राहील. एखाद्या सेमिस्टरला विषय राहिला तर ती घरी सांगेल का? ‘तुझ्यासाठी प्लॉट विकला’ असं आपण कधीच बोलणार नाही, असं आज तुम्हाला वाटत असेल. तुम्ही नाही बोललात तरी दिवाळीत घरातलं कुणीतरी बोलतंच. मनाविरुद्ध घेतलेली शाखा आणि वर हे ओझं घेऊन अनोळखी शहरात राहणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याशी करिअरबद्दल बोलताच येत नाही. आधी झोप आणि जेवणाबद्दल विचारावं लागतं.

आता ‘उरलंय काय’ याबद्दल. हे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी सुरू झालं, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. तेव्हा ते अख्ख्या मध्य प्रांताचं होतं, साहजिकच त्यातून पुढे फांद्या फुटल्या. १९४६ मध्ये सागरचं विद्यापीठ उभं राहिलं, १९८३ मध्ये अमरावतीचं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं आणि राज्यभरातली मेडिकल कॉलेजं तिकडे गेली, एकट्या नागपूरची नव्हे. २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ आलं आणि २०२३ मध्ये एलआयटी स्वतःच विद्यापीठ झालं. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेल्या या विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आहेत. यात तुमच्या मुलीचं काय गेलं? तिला जो विषय हवा आहे तो इथेच आहे, पदव्युत्तर विभागासह. आणि ज्या पदवीवर तुम्ही संसार उभा केला, प्लॉट घेतला, तिलाच नावं ठेवता, हे मला जरा विचित्र वाटलं.

दगडं फोडण्याचं म्हणाल, तर त्यासाठी नागपूरसारखं गाव नाही. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) या सरकारी कंपन्यांची मुख्यालयंही इथेच. उमरेडचा कोळसा आणि मनसरचं मँगनीज बघायला सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. पुण्याला जाऊन हे शेजार मिळणार नाही. अर्थात ही सगळी कार्यालयं काही तिच्यासाठी खुर्ची राखून बसलेली नाहीत. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही मिळत नाही, एमएस्सी धरूनच चाला. त्यानंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, खासगी खाणकाम आणि बोगद्यांची कामं आहेत. जागा मोजक्या, स्पर्धा भरपूर.

इंजिनीअरिंग तिलाच हवं असेल तर कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळेल ते विदर्भातलं कॉलेज बघा, कोटा नको.

या आठवड्यात एवढं करा. प्लॉटचा विसार घेतला नसेल तर घेऊ नका. मुलीला घेऊन ज्या कॉलेजात भूशास्त्र आहे तिथे जा आणि विभागात तिलाच बोलू द्या. शिक्षकांची किती पदं भरलेली आहेत, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक चालू आहेत का, फील्डवर्क कुठे आणि किती दिवस असतं, हे तिनं विचारावं. मुलींना फील्डवर नेतात का, हे मात्र विचारत बसू नका. नेतात. तिथे राहण्याची सोय काय असते, ते विचारा.