भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचे कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्रे वेगवेगळ्या उपनगरांतून येतात, पण त्यांतला गैरसमज एकच असतो. प्राणी जिथे आपल्याला दिसला तिथे तो वाट चुकून आला आहे, आणि जिथे आपल्याला कोणी दिसत नाही ती जागा रिकामी आहे, असे बहुतेकांनी मनाशी धरलेले असते. या खेपेस त्यांतलेच काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या संकुलाच्या मागच्या भिंतीवर बिबट्या बसलेला सीसीटीव्हीत दिसला. त्याला पिंजरा लावून दूरच्या अभयारण्यात सोडावे, असा ठराव सोसायटीने करावा का? (घोडबंदर रोड)

उत्तर : करू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल तुमच्या भिंतीपाशी येऊन थांबते, हे घर घेताना जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून सांगितलेच असेल. पकडून परक्या मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, परतीची वाट शोधत वस्त्यांमधून फिरतो, आणि इकडे मोकळ्या झालेल्या त्याच्या हद्दीत दुसरा येऊन राहतो. जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला अशी हलवाहलव झाल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, मग सोसायटीचा ठराव काहीही असो. ठराव करायचाच असेल तर भिंतीबाहेर टाकल्या जाणाऱ्या ओल्या कचऱ्याचा करावा, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर लहान मुलांना त्या बाजूला एकटे सोडू नये आणि बिबट्या पुन्हा दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : खाडीतल्या रसायनांमुळे फ्लेमिंगो गुलाबी होतात, हे खरे का? (वाशी)

उत्तर : नाही. तो रंग शेवाळातून आणि बारीक जलचरांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांचा असतो.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या पाणथळ जागेत भरतीचे पाणी आणणारी मोरी भरावाखाली बुजली असून यंदा तिथे नुसता सुकलेला चिखल आहे. शेजारी म्हणतात, फ्लेमिंगोंना अख्खी खाडी मोकळी आहे, ते तिकडे जातील. तसे होईल का? (सीवूड्स)

उत्तर : होणार नाही, आणि 'ते तिकडे जातील' या तीन शब्दांनी नवी मुंबईतल्या पाणथळ जागांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे एखाद्या डंपरनेही केले नसेल.

ठाणे खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु नकाशावरची हद्द पक्ष्याच्या दिवसाला पुरत नाही. फ्लेमिंगो खाडीत चरतो तो ओहोटीला, उघड्या पडलेल्या चिखलावर आणि त्यावरच्या उथळ पाण्यात. भरती आली की तोच चिखल पाण्याखाली जातो. आपल्याकडे उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते आणि 'लहान फ्लेमिंगो' (लेसर फ्लेमिंगो) या जातीच्या पक्ष्याची उंची मीटरभरसुद्धा नसते. त्या काही तासांत त्याला खाडीच्या जवळच, उथळ, शांत आणि चहूबाजूंनी नजर टाकता येईल अशी मोकळी जागा लागते. नेरूळ-सीवूड्स पट्ट्यातल्या पाणथळ जागा ही गरज भागवतात. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे ही गरज रात्रीही असते. सकाळी फिरायला जाऊन 'आज एकही पक्षी नव्हता' असे सांगणाऱ्यांनी त्या दिवशीचे भरतीचे वेळापत्रक पाहिलेले नसते. एक जागा गेली की पक्षी उरलेल्या जागांवर दाटी करतात किंवा हवेत घिरट्या घालत राहतात, आणि विणीसाठी कच्छच्या रणापर्यंत जायला साठवलेली चरबी इथेच खर्च होते.

मोरी बुजण्याचा प्रकार मला अधिक सतावतो, कारण त्याला आरडाओरडा लागत नाही. झाड तोडले की लोक जमतात, पण पाइपाच्या तोंडाशी राडारोड्याचे चार ढीग पडले तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाणी पूर्ण अडले तर जमीन भेगाळते आणि दोन-तीन वर्षांनी 'येथे पाणथळ नव्हतीच' असे म्हणायला मंडळी मोकळी होतात. पाणी अर्धवट अडले तर ते साचते, त्यावर शेवाळाचा जाड थर धरतो, डास होतात आणि मग रहिवासीच भराव टाकण्याची मागणी करतात. पाणथळीमुळे पक्षी विमानांच्या वाटेत येतात, असे सांगून हल्ली विमानांच्या सुरक्षेचेही कारण पुढे केले जाते. 20 मे 2024 रोजी घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले, तेव्हापासून ते जास्तच ऐकू येते. बसायची जागा काढून घेतलेला थवा हवेत कमी नव्हे, जास्त वेळ राहतो, एवढे तरी या मंडळींनी लक्षात घ्यावे.

तक्रार आजच करा. पावसाळ्यापर्यंत थांबलात तर पावसाचे पाणी साचलेले दिसेल आणि 'पाणी आहे' असा शेरा मारून प्रकरण मिटवले जाईल. उधाणाच्या आणि भांगाच्या (कमी चढणाऱ्या) भरतीला एकाच ठिकाणाहून तारीख-वेळेसह छायाचित्रे घ्या आणि लेखी अर्ज वनविभागाच्या कांदळवन कक्षाला व तहसीलदारांना द्या. मोरीलगत तिवरे (कांदळवनाची झाडे) असतील तर उच्च न्यायालयाचा 17 सप्टेंबर 2018 चा निकाल अर्जात जरूर नमूद करा, कारण त्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले आहे. मात्र फावडे घेऊन मोरी स्वतः उघडू नका. नवी मुंबईतले धारण तलाव आणि त्यांची झडपदारे वस्तीला पुरापासून वाचवण्यासाठी बांधलेली आहेत. तुमची मोरी त्या व्यवस्थेचा भाग आहे का, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न : एक संस्था पैसे घेऊन शनिवारी खाडीकाठी कांदळवनाची रोपे लावून घेते आणि प्रमाणपत्र देते. कुटुंबासह जावे का? (ऐरोली)

उत्तर : आधी त्यांच्याकडे कांदळवन कक्षाची लेखी परवानगी मागा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपते. ठाणे खाडीतली तिवरे भरतीचे पाणी पोहोचू दिले तर आपली आपण उगवतात. याउलट उघड्या चिखलावर रांगेने रोपे ठोकली, तर तुतवारांसारख्या किनारी पक्ष्यांचे चरायचे रान जाते आणि छायाचित्रात मात्र हिरवळ छान दिसते. उघडा चिखल म्हणजे पडीक जमीन नव्हे. काठावरचे प्लॅस्टिक काढायला बोलावणारे कोणी भेटले आणि परवानगी असली, तर अवश्य जा.

प्रश्न : दुकानदाराने 'शुभ' म्हणून दिलेले लाल कानाचे कासव आता मोठे झाले आहे. उपवन तलावात सोडू का? (वर्तकनगर)

उत्तर : मुळीच नाही. हे कासव उत्तर अमेरिकेतले आहे आणि आपल्या तलावांत ते देशी कासवांच्या वाट्याचे अन्न आणि जागा बळकावते. पशुवैद्याला दाखवा, ते सांभाळणे शक्य नसेल तर वनविभागाला विचारा, आणि दुकानदाराचे शुभ त्याच्यापाशीच राहू द्या.

प्रश्न : ठाणे–बोरिवली बोगदा संजय गांधी उद्यानाच्या खालून जाणार असेल तर वर प्राण्यांना त्रास होण्याचे कारणच काय? (ठाणे पश्चिम)

उत्तर : या बोगद्यामुळे वरचे जंगल सलग कापले जात नाही, हे मान्य आहे. पण बोगद्याला दोन तोंडे असतात, तिथून दगडमाती बाहेर येते, ती वाहणारे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि जमिनीखालच्या पाण्याची वाट बदलू शकते. म्हणून मंजुरीसोबत घातलेल्या अटी वाचा आणि त्या पाळल्या जातात का, हे विचारत राहा. एक गोष्ट मात्र बोगद्याच्या चर्चेत हरवते. घोडबंदर रोडने नागला बंदराकडचे जंगल मुख्य उद्यानापासून कधीच तोडले आहे, आणि पुढे तुंगारेश्वर अभयारण्याकडे जाणाऱ्या प्राण्याला आजही तोच रस्ता ओलांडावा लागतो.

प्रश्न : खाडीकडून रात्री कोल्हे येतात. काही जण त्यांना कोंबडीचे तुकडे घालतात. चालेल का? (खारघर)

उत्तर : चालणार नाही. तिवरांत खेकडे आणि उंदीर खाऊन राहणारा प्राणी माणसाच्या हाताला सवकला की कुत्र्यांच्या घोळक्यात येतो, आणि तिथून रेबीजची बाधा व्हायला वेळ लागत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला पकडणे किंवा मारून हुसकावणे हा गुन्हा ठरतो. लडखडत चालणारा किंवा दिवसाढवळ्या अंगावर येणारा कोल्हा दिसला तर जवळ न जाता 1926 वर कळवा. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना किंवा शेजाऱ्याचा सल्ला जखमेवर लावू नका.