ठाण्यात जुन्या हलक्या शिकारी रायफलची बॅरल बदलता येते का?

परवाना तुमच्या नावावर झाला, पण वडिलांच्या रायफलच्या गोळ्या फाकतात, म्हणून बॅरल बदलायची म्हणता. घाई नको. हलक्या रायफलची बॅरल पातळ, तीन-चार बारांतच तापते नि नेम सरकतो. गार होऊ द्या, आतला तांब्याचा थर साफ करा, दुर्बिणीचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. बरेचदा दुखणं तिथंच असतं.

बदलायचीच तर घरी अजिबात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार सुटा भागही शस्त्रच, आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. नवी बॅरल बसल्यावर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून बॅरलमध्ये काडतूस अडतं तिथवरचं अंतर, गेजनं तपासून घ्या. जास्त राहिला तर काडतुसाचं पितळी कवच फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. आणि हो, येऊरच्या जंगलाचा विचारही नको, शिकारीला बंदी आहे.